साचे भिवंडीला, फाईल परळला

गिरणीत विडी ओढायला बंदी होती. कापसाचा तंतू हवेत तरंगत असतो, एक ठिणगी पुरते. म्हणून मुंबईच्या गिरणगावातला साचेवाला, म्हणजे मागावरचा कामगार, तंबाखू मळायचा. तळहातावर चिमूटभर तंबाखू, नखावर चुना, अंगठ्यानं दोन-चार रगडे, वरून एक थाप आणि गोळी गालाच्या कोपऱ्यात. हात कामाला मोकळे राहतात, झोप उडते, भूक मरते. रात्रपाळीला याहून स्वस्त सोबत नव्हती. घरी बायको मिसरीनं दात घासायची. याला व्यसन म्हणायचं असतं, हे दोघांच्याही गावी नव्हतं.

याच गिरणगावात, परळला, २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगानं गेल्या, त्यानंतर असं रुग्णालय मुंबईत व्हावं असं दोराबजी टाटांच्या मनात होतं. १९३२ साली तेही गेले आणि काम त्यांच्या ट्रस्टनं तडीला नेलं. सुरुवातीला खाटा होत्या ८०. प्रयोगशाळा सांभाळणारे डॉ. व. रा. खानोलकर यांच्या लवकरच लक्षात आलं की पाश्चात्त्य पुस्तकांत तोंडाच्या कर्करोगाला जेवढी जागा आहे, त्याच्या कितीतरी पट गर्दी परळच्या बाकांवर आहे. संघवी, राव आणि खानोलकर यांनी रुग्णांना सवयी विचारून केलेला अभ्यास १९५५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. तंबाखू चघळणं आणि ओढणं यांचं तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाशी असलेलं नातं त्यात मांडलेलं होतं. म्हणजे कारण कळून सत्तर वर्षं झाली. पुडी अजून टपरीवर आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, तो रीतसर कधी संपलाच नाही. भिवंडीत यंत्रमाग स्वातंत्र्याच्या आधीपासून होते. आग्रा रोडनं आलेल्या मोमीन विणकरांनी तिथं हातमागापासून धंदा उभारला होता. संपानंतर मुंबईचं विणकाम भराभर तिकडे वळलं. गिरण्यांतले जुने साचे भंगाराच्या भावानं भिवंडीत आले आणि पत्र्याच्या छपराखाली पुन्हा खडखडू लागले. गिरणीकामगार मात्र क्वचितच आला. त्याच्या जागी उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगणातून तरुण आले. बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी, भिशीत म्हणजे सामायिक खानावळीत जेवण. विडीची बंदी तीच होती, म्हणून तळहातावरची चिमूटही तीच राहिली. पुढे गुटख्याची पुडी आली आणि मळायचे कष्टही वाचले.

काम भिवंडीला गेलं, रुग्णालय परळलाच राहिलं. या भागाचा इतिहास लिहिताना संप येतो, दंगली येतात, गोदामं येतात, पण हे अंतर कुणी नोंदवत नाही. १९८२ साली पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीला टेकला आहे. त्याच्या पिढीची फाईल आता परळला आहे आणि ती फाईल हातात धरून रांगेत उभा राहतो तो मुलगा किंवा सून. कुणी सोबतच्या म्हाताऱ्याला ‘अब्बा’ म्हणतं, कुणी ‘नान्ना’, कुणी ‘बाबूजी’. आसपासच्या गावांतला आगरी मुलगा ‘बाबा’ म्हणतो.

पहिल्या वेळी घर कंबर कसतं. गालाचा भाग किंवा जबडा काढतात, मानेतल्या गाठी काढतात, पुढे सहा-सात आठवडे किरणांचा शेक. मग एखाद्या तपासणीला डॉक्टर म्हणतात, तीन बोटं उभी धरून तोंडात घाला. दोनच जातात. नवा व्रण दिसतो. ‘एकदा बरं झालं ना, मग परत कसं?’ हा प्रश्न घरात विचारला जातो, आणि त्यामागे बऱ्याचदा एक शंका लपलेली असते की म्हाताऱ्यानं चोरून पुडी खाल्ली असणार.

कधी खाल्लेली असतेही. पण उत्तर तेवढंच नाही. १९५३ साली शिकागोच्या डॅनिएल स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी ७८३ रुग्णांच्या तोंडातल्या गाठी तपासल्या, तेव्हा गाठीच्या आजूबाजूची निरोगी दिसणारं अस्तरही बदललेलं आढळलं. चाळीस वर्षं तंबाखूत भिजलेल्या तोंडातून एक व्रण काढला, तरी बाकीचं तोंड त्याच वाटेवर असू शकतं. परत उलटणारा आजार बहुधा पहिल्या दोन वर्षांतच उलटतो, म्हणूनच त्या काळात तपासण्या जवळजवळ लावतात. बापावर पाळत ठेवणाऱ्या मुलाला एवढं कुणी समजावून सांगितलं तर घरातलं निम्मं भांडण मिटेल.

उलटणारा आजार पुष्कळदा मानेत उलटतो. मानेला गाठ नसताना तिथल्या ग्रंथी आधीच काढाव्यात की गाठ दिसेपर्यंत थांबावं, हा वाद जगभर पन्नास वर्षं चालला. तो मिटवला परळनं. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २००४ पासून दहा वर्षं चालवलेल्या चाचणीत आधीच ग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी जिवंत होते, थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. हा निष्कर्ष २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. त्याच वर्षी १६ फेब्रुवारीला राज्याचे माजी गृहमंत्री आर. आर. ऊर्फ आबा पाटील तोंडाच्या कर्करोगानं गेले, वयाच्या ५७ व्या वर्षी. राज्यानं गुटख्यावर २००२ साली घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयात टिकली नव्हती. २०१२ साली अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारानं ती पुन्हा आली, तेव्हा ज्या मंत्रिमंडळानं ती घातली त्यात आबा गृहमंत्री होते.

दुसऱ्या वेळी नेहमी शस्त्रक्रिया करता येतेच असं नाही. तेव्हा घरातच एक छोटं इस्पितळ उभं राहतं. नाकातून नळी, पन्नास मिलीची सिरिंज, डाळीचं पाणी दोनदा गाळलेलं, कारण एक कण अडकला की नळी बंद. भरवण्याआधी म्हाताऱ्याला उशी लावून बसतं करायचं, सिरिंज जोरानं दाबायची नाही, शेवटी साधं पाणी सोडून नळी धुवायची. हे बहुतेक सून नाहीतर मुलगी शिकते, वॉर्डातल्या सिस्टरकडे एक-दोनदा बघून. पगार, रजा, प्रमाणपत्र यांपैकी काहीही नसलेलं हे परिचारिकेचं काम आहे. कर्करोगाच्या इतिहासात शल्यविशारदांची नावं येतात, या बायकांची कुठेच नाहीत.

खर्चाची बाजू थोडी सावरली. राजीव गांधी जीवनदायी योजना, जी पुढे महात्मा फुले यांच्या नावानं ओळखली जाऊ लागली, ठाणे जिल्ह्यात २०१३ च्या नोव्हेंबरात पोचली. औषधांतही टाटाच्या डॉक्टरांनी गरिबाचा खिसा डोळ्यांपुढे ठेवला. मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्यांची तुलना शिरेतून देण्याच्या सिस्प्लॅटिनशी केली. ४२२ रुग्णांच्या या चाचणीत गोळ्यांवरच्यांना आयुष्याचे मध्यक साडेसात महिने मिळाले, सिस्प्लॅटिनवरच्यांना ६.१. हे २०२० साली लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये छापलं गेलं. आकडा लहान आहे, खोटी आशा लावणारा नाही. पण गोळी घरी घेता येते. सलाईनच्या खुर्चीसाठी भिवंडी ते परळ करण्याऐवजी म्हातारा आपल्या खाटेवर असतो, आणि इथून परळचा रस्ता ज्यानं पाहिलाय त्यालाच याचं मोल कळतं. दोन वर्षांनी याच गटानं अशा गोळ्यांना निव्होलुमॅबच्या फक्त २० मिलिग्रॅमची जोड दिली, आणि वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं.

ज्यांच्या वेदना आवरेनाशा होतात त्यांच्यासाठी वांद्र्याला माउंट मेरीजवळ १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे. टाटातलेच शल्यविशारद डॉ. लुईस डिसोझा यांनी ते सुरू केलं. अशा प्रकारची देशातली ती पहिली संस्था. तिथं पैसे घेत नाहीत. तरी बापाला तिथं ठेवलं तर बिरादरीत काय म्हणतील, या धास्तीनं कित्येक घरं नाव काढत नाहीत.

परळच्या आसपास नातेवाइकांची सोय करणाऱ्यांचीही एक परंपरा आहे. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, १९६८ साली स्थापन झालेली नाना पालकर स्मृती समिती आहे. तरी माणसं फुटपाथवर झोपत राहिली. २०२१ साली म्हाडानं टाटाच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी शंभर सदनिका देऊ केल्या. आधी ठरलेल्या इमारतींना स्थानिकांचा विरोध झाला, मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली आणि शेवटी बॉम्बे डाइंगच्या आवारातली इमारत निवडली गेली. गिरणीची जमीन अशी या रुग्णांच्या वाट्याला आली.

भिवंडीकराला मात्र यातलं फारसं काही लागू पडत नाही. या खोल्यांवर आधी हक्क बिहार-बंगालहून आलेल्यांचा, आणि तो रास्तच आहे. भिवंडी लांब नाही, जवळही नाही. भिवंडी रोड स्टेशन दिवा-वसई मार्गावर, तिथून दादरची लोकल नाही. म्हणून पहाटे रिक्षा किंवा एसटीनं ठाणे नाहीतर कल्याण गाठायचं, अंजूर फाट्याच्या ट्रकांतून वाट काढायची, मग लोकलच्या त्या राखीव डब्यात बापाला चढवायचं जिथं दिव्यांगांसोबत कर्करोगग्रस्तांनाही मुभा आहे. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं. लूमवर मीटरप्रमाणे मजुरी मिळते, त्यामुळे परळला गेलेल्या दिवसाचे पैसे कुणी देत नाही; दोघं भाऊ असतील तर पाळ्या लावतात, एकटा असेल तर शेठकडून उचल घेतो आणि ती पुढच्या पगारातून कापली जाते.