हमीचे रोखे आणि कळंबोलीचा रस्ता

पनवेलजवळ कळंबोलीला सुरू होणारा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सरकारी हमीवर उभारलेल्या कर्जातून घडला. सुमारे ९४.५ किलोमीटरचा हा सहापदरी रस्ता २००२ मध्ये पूर्ण खुला झाला; खर्च सुमारे १,६३० कोटी रुपये.

खासगी कंपनीची निविदा फार महाग ठरल्याने सरकारने ती नाकारली आणि काम १९९६ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे सोपवले. महामंडळाने बाजारात कर्जरोखे विकले. रोखा घेणाऱ्याला ठरलेले व्याज आणि मुदतीअखेर मुद्दल मिळणार होते; महामंडळ चुकले, तर राज्य सरकार भरणार होते.

अशी हमी राज्यघटनेच्या अनुच्छेद २९३ नुसार राज्याच्या एकत्रित निधीच्या तारणावर दिली जाते. ती पाळायची वेळ येईपर्यंत सरकारच्या कर्जात तिची गणना होत नाही. खरी जोखीम इथेच आहे. केंद्र सरकारचे कर्ज मुख्यतः रुपयांत असते आणि रुपया त्याचेच चलन आहे. राज्याला मात्र नोटा छापता येत नाहीत. हमी अंगावर आली की पैसा करातून, नव्या कर्जातून किंवा इतर खर्चाला कात्री लावूनच उभा करावा लागतो.

द्रुतगती मार्गामागे रोजची कमाई होती. खालापूर आणि तळेगाव इथल्या नाक्यांवर पथकर जमू लागला. २००४ मध्ये, जुन्या मुंबई-पुणे महामार्गासह, पंधरा वर्षांच्या वसुलीचे हक्क ९१८ कोटींना दिले गेले. २०२० मध्ये पुढील दहा वर्षांसाठी ८,२६२ कोटींचा करार झाला.

त्याच १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाची गोष्ट निराळी ठरली. कृष्णेचे पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाच्या निवाड्याचा ३१ मे २००० नंतर फेरविचार होऊ शकत होता. त्याआधी राज्याच्या वाट्याचे पाणी अडवण्यासाठी घाईने अनेक धरणांची कामे काढली गेली आणि त्यांसाठी हमीचे रोखे विकले गेले. कामे रेंगाळली, पाणीपट्टी तुटपुंजी राहिली आणि परतफेडीचा भार राज्याच्या तिजोरीवर आला.

दोन्ही रोख्यांमागे हमी एकाच सरकारची होती. एका कामामागे पथकराची नियमित कमाई होती, दुसऱ्यामागे तशी नव्हती. म्हणून हमी देताना कामातून परतफेडीचा पैसा कधी आणि किती येणार, याचा हिशेब विधिमंडळापुढे आणि जनतेपुढे मांडला गेला पाहिजे. हमी अंगावर आली, तर भरपाई करदात्यालाच करावी लागते.