मिरजेचे पाच टक्के आणि हेदवीचा पावसाळा

मंडळी, आज हेदवीच्या किनाऱ्यावर गाडीत बसून बोलतोय. हवा इतकी दमट की काचा पुसून हात दुखले. इथेनॉलही असंच हवेतलं पाणी ओढतं.

सुरुवात आपल्याकडचीच बरं का! २००१ साली मिरज आणि मनमाडला ५ टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा प्रयोग झाला. उसाची मळी होतीच हाताशी. आता पंपावर २० टक्के.

वेगवाल्यांचा फायदा खरा: ऑक्टेन जास्त, टर्बो इंजिनाला नॉकिंगची भीती कमी. पण ट्यूनिंग केलं तरच. शुद्ध इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणून ॲव्हरेज घसरतं. जुन्या गाडीचे रबरी पाइप फुगतात ते वेगळंच.

माझी जुनी टर्बो गेल्या पावसाळ्यात इथेच उभी होती. गणपतीत सुरू होईना. टाकीच्या तळाशी पाणी! यंदा जूनमध्येच टाकी रिकामी केली. ट्यूनिंगचे पैसे मात्र अजून खिशातच आहेत.