भाषाविज्ञान आणि इतर विज्ञानशाखा

भाषाविज्ञान म्हणजे मानवी भाषेचे शास्त्रीय पद्धतीने केलेले वर्णन आणि विश्लेषण. भाषा हवेतून ध्वनिलहरींच्या रूपाने जाते, म्हणून ती भौतिकीचा विषय ठरते. फुप्फुसे, कंठ, जीभ आणि कान यांच्यावाचून बोलणे-ऐकणे संभवत नाही, म्हणून शरीरविज्ञानाचा. ती मनात वसते, समाजात वापरली जाते आणि काळाबरोबर बदलते, म्हणून मानसशास्त्र, समाजशास्त्र व इतिहास यांचाही. इतक्या शास्त्रांनी भाषा वाटून घेतल्यावर भाषाविज्ञानाकडे स्वतःचे असे काय उरते, हा प्रश्न या विद्याशाखेत वारंवार विचारला गेला आहे.

स्वतंत्र अभ्यासविषय

स्विस भाषावैज्ञानिक फेर्दिनां द सोस्यूर (१८५७–१९१३) यांनी जिनिव्हा विद्यापीठातील व्याख्यानांत या प्रश्नाचे उत्तर दिले. विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून सिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ १९१६ मध्ये, मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. बुद्धिबळाचे मोहरे लाकडाचे आहेत की हस्तिदंताचे याने खेळ बदलत नाही. मोहऱ्यांची संख्या किंवा चाल बदलली तर मात्र बदलतो. भाषेचेही तसेच आहे. ध्वनी हे तिचे द्रव्य. ध्वनींमधील परस्परसंबंधांची व्यवस्था हा भाषाविज्ञानाचा खरा विषय.

भौतिकी आणि शरीरविज्ञान

हा भेद उच्चाराच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. इंग्रजीतील ‘पिन’ या शब्दाच्या आरंभी प उच्चारताना हवेचा झोत बाहेर पडतो. ‘स्पिन’मधील प उच्चारताना तो जवळजवळ नसतो. उपकरणाने हा फरक मोजता येतो, पण सर्वसाधारण इंग्रजी भाषकाच्या तो लक्षातही येत नाही, कारण त्याच्या भाषेत त्यामुळे अर्थ बदलत नाही. मराठीत त्याच झोतामुळे ‘पळ’ आणि ‘फळ’ असे दोन शब्द होतात. भौतिक घटना एकच, तिचे भाषेतील मूल्य निराळे. मराठीतील ‘जरा’ हा शब्द दंत्य उच्चाराने ‘थोडे’ आणि तालव्य उच्चाराने ‘वार्धक्य’ असा अर्थ देतो. देवनागरी लिपी हा भेद दाखवीत नाही आणि उपकरण उच्चारांतील असंख्य फरक दाखवते. त्यांपैकी कोणता फरक अर्थभेदक, हे भाषकाकडूनच समजून घ्यावे लागते.

याचा अर्थ उपकरणे निरुपयोगी आहेत असा नव्हे. १९४० च्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ध्वनिलेख काढणारे यंत्र तयार झाले. बोलण्यातील ध्वनी माळेतील मण्यांसारखे सुटे नसून एकमेकांत मिसळलेले असतात, हे त्या आलेखांवरून उघड दिसले. ‘का’ आणि ‘की’ यांतील क सारखे नसतात. पुढच्या स्वराची छाया व्यंजनावर आधीच पडलेली असते. अक्षरांवरून ध्वनींची कल्पना करणाऱ्या अभ्यासकांना हा धक्का आवश्यकच होता.

अर्थात केवळ निरीक्षणाने किती दूर जाता येते, हे प्राचीन भारतीय प्रातिशाख्यांत दिसते. घोष आणि अघोष वर्णांमधील फरक कंठाच्या संवृत-विवृत स्थितीवर अवलंबून असतो, असे या ग्रंथांनी सांगितले. गायनशिक्षक मॅन्युएल गार्सिया यांनी लहान आरशाच्या साहाय्याने जिवंत माणसाच्या स्वरतंतूंचे निरीक्षण करून ते लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले, ते १८५५ मध्ये.

मेंदू आणि मन

फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये अशा रुग्णाचा मेंदू तपासला, ज्याला इतरांचे बोलणे बरेचसे समजत असे, पण जो स्वतः जवळजवळ एकच अक्षर उच्चारू शके. मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढील भागास इजा झालेली होती. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी याच्या उलट प्रकार वर्णिला: बोलणे अस्खलित, पण अर्थहीन, आणि आकलन बिघडलेले. त्यावरून मेंदूचा एक भाग बोलण्याचा आणि दुसरा समजण्याचा, अशी सुटसुटीत विभागणी वैद्यकात रूढ झाली.

पुढे तिला तडा गेला तो व्याकरणाच्या अंगाने. अल्फोन्सो कारामाझ्झा आणि एडगर झुरिफ यांनी १९७६ मध्ये ब्रोका प्रकारच्या वाचाघाताच्या रुग्णांना वाक्ये ऐकवली. मुलगा सफरचंद खात असल्याचे वाक्य त्यांना समजे, कारण सफरचंद मुलाला खाऊ शकत नाही. कुत्रा मांजराचा पाठलाग करतो की मांजर कुत्र्याचा, हे ज्या वाक्यात केवळ रचनेवरूनच ठरते, तेथे ते अडखळत. म्हणजे आकलन शाबूत दिसत होते, ते व्यवहारज्ञानाच्या आधारावर. ही प्रयोगवाक्ये इंग्रजी होती, ही गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही. मराठीत असे संबंध मुख्यतः विभक्तिप्रत्यय दाखवतात. त्यामुळे इंग्रजी चाचणीचे नुसते भाषांतर करून मराठी रुग्णाचे निदान करणे धोक्याचे आहे.

इतिहास, पुरातत्त्व आणि वंश

सोस्यूर यांनी एकविसाव्या वर्षी लिहिलेल्या प्रबंधात मूळ इंडो-युरोपीय भाषेत, कोणत्याही ज्ञात भाषेत तेव्हा न आढळलेले काही घटक असले पाहिजेत, असे केवळ स्वरांच्या नियमित संबंधांवरून अनुमान केले होते. पुढे तुर्कस्तानातील उत्खननात हित्ती भाषेतील मृत्तिकालेख सापडले. बेडर्जिख ह्रोझनी यांनी १९१५ मध्ये ती भाषा इंडो-युरोपीय असल्याचे दाखवले आणि येझी कुरिलोविच यांनी १९२७ मध्ये अनुमानित घटकांपैकी काहींच्या जागी हित्तीत प्रत्यक्ष व्यंजन आढळत असल्याचे निदर्शनास आणले. तोवर सोस्यूर यांच्या निधनास चौदा वर्षे झाली होती.

जीवविज्ञानाशी असलेला संबंध इतका सुखाचा राहिला नाही. आउगुस्ट श्लायशर यांनी १८६३ मध्ये डार्विनच्या सिद्धान्ताची भाषांशी सांगड घातली. वंशवृक्षाची कल्पना उपयुक्त ठरली. परंतु भाषाकुल म्हणजेच रक्ताचे कुल, असा समज त्या काळात फोफावला. ‘आर्य’ ही संज्ञा भाषेपुरतीच आहे, कवटीच्या मापाशी तिचा संबंध जोडू नये, असे मॅक्स म्यूलर यांनी १८८८ मध्ये बजावले. त्यांच्या आधीच्या लेखनानेही या गोंधळाला हातभार लावला होता, हे नमूद करणे भाग आहे. त्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष झाल्याचे परिणाम विसाव्या शतकात जर्मनीने आणि जगाने भोगले. आज प्राचीन अस्थींमधील डीएनएवरून लोकसमूहांची स्थलांतरे शोधता येतात, पण अस्थी कोणती भाषा बोलत होत्या हे सांगत नाहीत. हंगेरियन लोक आनुवंशिकदृष्ट्या बहुतांशी शेजाऱ्यांसारखेच आहेत; त्यांची भाषा मात्र फिनिशच्या दूरच्या नात्यातील आहे.

समाजविज्ञाने

सांगलीजवळच्या कुपवाड येथे केलेला जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे मराठी, कन्नड आणि उर्दू शतकानुशतके शेजारी नांदत होत्या. शेतात-बाजारात रोजचा व्यवहार एकत्र, घरात मात्र आपापली भाषा, अशा जीवनामुळे या भाषांचे शब्द वेगळे राहिले आणि वाक्यरचना इतक्या जवळ आल्या की जवळजवळ शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करता यावे. भाषा एकमेकींवर परिणाम करतात हे व्याकरणाने दाखवले. शब्द का टिकले, याचा उलगडा समाजरचनेनेच होतो.

गणित आणि संगणक

रशियन गणिती आंद्रेई मार्कोव्ह यांनी १९१३ मध्ये पुश्किनच्या काव्यातील २०,००० अक्षरे मोजून स्वर-व्यंजनांच्या क्रमाची संभाव्यता मांडली. अशा साखळ्यांनी इंग्रजी वाक्यरचनेचे पूर्ण वर्णन होऊ शकत नाही, असा युक्तिवाद नोम चॉम्स्की यांनी १९५७ मध्ये केला. त्यांनी केलेले व्याकरणांचे वर्गीकरण पुढे संगणकशास्त्राच्या पाठ्यक्रमात स्थिरावले. अल्गोल ६० या संगणकभाषेच्या वर्णनासाठी वापरलेली नियमलेखनपद्धती बॅकस आणि नाउर यांच्या नावाने ओळखली जाते. सुमारे ४,००० सूत्रांच्या अष्टाध्यायीतील पद्धतीशी तिचे साम्य पाहून तिला पाणिनीचे नाव जोडावे, अशी सूचना १९६७ मध्ये करण्यात आली होती. ती रूढ झाली नाही.