महाराजबागेची वाट

रामाकोन्याच्या मुलाने वाघ प्रथम पाहावा तो पिंजऱ्यात, ही मोठीच विसंगती म्हणावयाची. कन्हानेच्या काठचे हे गाव सातपुड्याच्या कुशीत वसलेले. पेंचचे व्याघ्रअरण्यही ह्याच छिंदवाड्याच्या मुलखाला लागून. तरीसुद्धा येथल्या लेकरांना 'वाघ दाखवितो' म्हणून वडीलधारी मंडळी नेत आली ती नागपूरच्या महाराजबागेत. अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी सौंसर, लोधीखेडा, सावनेर अशी रमतगमत नागपूर गाठीत असे. 2015 मध्ये ती बंद झाली व पुढे रुंद रूळ आले. वाट मात्र तीच राहिली.

ही वाट आगगाडीहून पुष्कळ जुनी आहे. 18व्या शतकाच्या आरंभी नागपूर वसविले ते ह्याच मुलखातील देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंदाने. पुढे भोसल्यांचे राज्य आले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. सौंसर व सावनेर ह्यांच्यामध्ये राज्याची सीमा आली. परंतु बाजारहाट, सोयरिकी आणि मुलांची हौस ह्यांना ती सीमा अडवू शकली नाही.

महाराजबाग ही मूळची भोसल्यांची बाग. 1853 मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, आणि डलहौसीने राज्य खालसा केल्यावर बागही इंग्रजांकडे गेली. तेथे 1894 मध्ये प्राणिसंग्रहालय निघाले. मुंबईची राणीची बाग त्याआधीच, 1862 मध्ये, लोकांना खुली झाली होती. राजाच्या बागेत रयतेला पाऊल टाकता येऊ लागले, ही गोष्ट लहान नव्हे. पण त्या काळची दृष्टी प्रदर्शनाची होती: गज जवळ, जनावर त्याहून जवळ. 1907 मध्ये कार्ल हागेनबेक ह्यांनी हांबुर्गजवळ गजांऐवजी खंदक योजून जनावरांना मोकळे आवार दिले. आपल्याकडे ती रीत रुजावयास फार काळ लागला. आज महाराजबाग कृषी विद्यापीठाकडे आहे, आणि 2021 पासून नागपूरलगत गोरेवाड्याचे विस्तीर्ण प्राणिउद्यानही खुले झाले आहे.

मी लहानपणी माकडांना फुटाणे टाकले आहेत, आणि त्यात मला पुण्यच वाटले. परवा पाच वर्षांच्या नातवाला घेऊन गेलो, तेव्हा त्याने आपल्या सौंसरकडचे संत्रे माकडासाठी पुढे केले. मी त्याचा हात धरला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 1991 मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून संग्रहालयातील प्राण्यास खाऊ घालणे वा डिवचणे हा अपराध आहे. हे त्याला कसे सांगावे? एवढेच म्हणालो, "त्याचं पोट त्याच्या अन्नानं भरतं, बाळा."

संत्रे त्याने स्वतःच सोलून खाल्ले. मग वाघापुढे बराच वेळ उभा राहून विचारले, "आबा, ह्याचं गाव कुठलं?"

त्या वाघाचा जन्म कोठला, हे मला ठाऊक नव्हते. पण त्याच्या जातीचे गाव ठाऊक होते. मी म्हणालो, "आपल्याकडचंच."

परतीच्या वाटेवर डोंगर दिसू लागले, तसा तो खिडकीशी सरकला आणि रामाकोना येईपर्यंत बाहेर पाहत राहिला. बागेत त्याने एवढा शोध क्वचितच घेतला होता.