ब्रास, गुंठा आणि संगणकातली इमारत

महाराष्ट्रात बांधकामाच्या जागी ‘ब्रास’ हा शब्द रोज कानावर पडतो. वाळू, खडी, डबर यांचा एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. गिलावा किंवा फरशी मोजताना मात्र तोच शब्द १०० चौरस फुटांसाठी येतो. एकाच नावाची दोन मापे, एक घनफळाचे, दुसरे क्षेत्रफळाचे. तरीही गवंडी आणि ठेकेदार यांचे व्यवहार त्यावाचून अडत नाहीत, कारण समोर खडीचा ढीग असतो किंवा भिंत असते. शब्दात नसलेली माहिती डोळे पुरवतात.

जमिनीचेही तसेच. मुंबई इलाख्याच्या मोजणीत ३३ फुटी साखळी होती आणि तिचे १६ आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर. १९५६ साली मेट्रिक वजन-मापांचा केंद्रीय कायदा झाला, आणि पुढे सातबारावर हेक्टर-आर आले. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १०७६ चौरस फूट. गुंठ्याहून जेमतेम १३ चौरस फूट कमी, म्हणून बोलताना पुष्कळजण आरलाच गुंठा म्हणतात. १०० आरांना १०० गुंठे म्हटले, तर गुंठाभराहून अधिक जमीन केवळ बोलण्यात वाढते. चूक लक्षात येत नाही, कारण आकडा पटण्याजोगा असतो. एककांच्या या इतिहासातला हा धडा मला आज इमारतींच्या संगणकीय प्रतिकृतींच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

इमारतीचे जीवनचक्र मूल्यमापन म्हणजे खाणीतून दगड निघाल्यापासून इमारत पाडेपर्यंत पर्यावरणावर पडणाऱ्या भाराचा हिशेब. त्याच्या चौकटीचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १४०४०, प्रथम १९९७ साली आले. हिशेबाची रीत सोपी आहे: सामानाचे परिमाण गुणिले दर एककामागचा भार. परिमाण हल्ली त्रिमिती मॉडेलमधून घेतात, आणि एका सॉफ्टवेअरचे मॉडेल दुसऱ्यात नेण्यासाठी आयएफसी ही खुली पद्धत वापरतात. २०१३ साली तिला आयएसओ १६७३९ हे मानकाचे रूप मिळाले.

आयएफसी रचणाऱ्यांना एककांचा प्रश्न ठाऊक होता. फाइलमध्ये लांबी, क्षेत्रफळ आणि घनफळ यांची एकके वेगवेगळी नोंदवता येतात. फूट वापरला असेल तर एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर हेही फाइलच सांगू शकते. म्हणजे भिंतीची लांबी मिलिमीटरमध्ये आणि क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असणे पूर्ण नियमाला धरून आहे. गडबड होते ती आकडा उचलताना त्याची नोंद मागेच राहिली तर. मिलिमीटरला मीटर समजले की लांबी १००० पट होते, क्षेत्रफळ १० लाख पट आणि घनफळ १०० कोटी पट. अशी इमारत कोणाच्याही नजरेत भरते, म्हणून ती चूक फार दिवस टिकत नाही.

टिकते ती मधली चूक. समजा, अंदाजपत्रकात ३० ब्रास खडी आहे. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर, तेव्हा ती सुमारे ८५ घनमीटर झाली. घनमीटरला ढोबळमानाने दीड टन धरले तर १२७ टन. आयात करताना ३० हा आकडा घनमीटर म्हणून वाचला गेला, तर उरतात ४५ टन. खडीचा आणि तिच्या वाहतुकीचा भार कागदावर जवळजवळ एक-तृतीयांशावर येतो. इमारत अधिक पर्यावरणस्नेही ठरते, आणि अहवाल वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. उलट तो खूश होतो.

यावरचा उपाय जुनाच आहे: दोनदा मोजा. फाइलमध्ये लिहिलेले घनफळ आणि आकारावरून नव्याने काढलेले घनफळ ताडून पाहावे. एक ओळखीची खोली निवडून तिची उंची माणसाच्या उंचीला साजते का, ते बघावे. शेवटी एकूण वजनाला बांधकामाच्या क्षेत्रफळाने भागून तो आकडा अनुभवी अभियंत्याला दाखवावा.

ब्रासचे दोन अर्थ इतकी वर्षे निभावले, कारण ढीग समोर होता. मूल्यमापन करणारा कदाचित दुसऱ्या शहरात बसलेला असतो. त्याच्यापुढे ढीग नसतो, फक्त आकडा असतो. त्या आकड्याबरोबर एकक पोचले नाही, तर ३० कशाचे हे त्याला कोण सांगणार?