घर पाहण्याची रीत : इसारपावतीपासून सॅम्पल फ्लॅटपर्यंत

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली. तेव्हा अंगणात रांगणारी मुलं आज जालना, छत्रपती संभाजीनगर, पुणे इथं नोकरीला आहेत आणि रविवारी फ्लॅट बघत फिरतात. ‘काका, परवा ओपन हाऊस आहे, काय काय बघू?’ असा फोन मला अधूनमधून येतो. ओपन हाऊस म्हणजे ठरल्या दिवशी घर उघडं ठेवायचं, ज्याला घ्यायचं असेल त्यानं यावं नि पाहावं. बँकेत माझी बरीच वर्षं कर्जाच्या टेबलावर गेली. तिथं कागद बघता बघता एक गोष्ट ध्यानात आली. घर घेणाऱ्याचा पाहण्याचा हक्क कायद्यानं वाढत गेला, पण पाहण्याला द्यायचा वेळ मात्र आटत गेला.

जुन्या जाफराबादेत घर घेणं ही चार महिन्यांची गोष्ट होती. घर खणांवर मोजायचं. पाच खणांचं, सात खणांचं. वर पांढऱ्या मातीचं माळवद, खाली सागवानी तुळया. घेणारा एकटा जात नसे. सोबत गवंडी, सुतार आणि एखादा जाणता भाऊबंद असायचा. गवंडी ओळंबा लावून भिंत बघायचा, सुतार तुळई ठोकून आवाज ऐकायचा. माळवद कुठं गळतं हे कळायला एक पावसाळा जाऊ द्यावा, असं म्हातारी माणसं सांगत. मग शेजाऱ्यांपुढं चतुःसीमा ठरायच्या, पाणी कुठून वाहतं, रस्ता कुणाचा, याची चर्चा व्हायची आणि त्यानंतर इसारपावती.

कागदाचा भाग मात्र अवघड होता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि सरकारी कागद उर्दूत. पुढं १ मे १९८१ ला जालना जिल्हा होईपर्यंत आपला तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता, त्यामुळं जुन्या कागदांवर तेच नाव दिसतं. मराठवाड्यात जमिनीचं मूळ शोधताना १९५४-५५ च्या खासरा पत्रकापर्यंत मागं जावं लागतं ते यामुळंच. जमीन इनामी होती का, कुळाची होती का, भोगवटादार वर्ग दोनची आहे का, हे डोळ्यांनी कितीही बघितलं तरी प्लॉटवर दिसत नाही.

डोळ्यांचीही एक समजूत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मोडली. किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबाद भागातली दगडमातीची जाड भिंतींची आणि जड माळवदाची घरं बसली, हजारो माणसं झोपेतच गेली. तोवर जाड भिंत म्हणजे पक्कं घर, असा आपला हिशोब होता. त्यानंतर मराठवाड्यातला साधा माणूससुद्धा घर बघताना कॉलम आहेत का, बीम कुठं आहे, असं विचारू लागला.

शहरात वेगळी वाट पडत होती. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. त्यामागं रावबहादूर तळमकी होते. सहकारातली मोठी सोय अशी की राहणारे आणि बांधून घेणारे एकच. दाखवणारा एक आणि पाहणारा दुसरा, हा भेद तिथं राहत नाही. महाराष्ट्राचा सहकारी संस्था अधिनियम १९६० चा, आपल्या सोसायटीचा पायाही तोच. आपल्या संस्थापक सभासदांनी जागा पाहिली तीही याच रीतीनं. कुणी सात-बारा काढला, कुणी एनएचा आदेश तपासला, कुणी उन्हाळ्यात येऊन आजूबाजूच्या विहिरींचं पाणी बघून गेलं.

मुंबई-पुण्यात मात्र मालकीचे फ्लॅट बांधून विकणारे वाढले आणि घराच्या टंचाईत फसवणूकही वाढली. सरकारनं १९६० साली समिती नेमली आणि १९६३ साली महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा आला, ज्याला आपण मोफा म्हणतो. घेणाऱ्यानं मागितलं तर मंजूर नकाशे दाखवायचे, जमिनीच्या मालकीची खरी माहिती द्यायची, कागद बांधकामाच्या जागेवर पाहायला ठेवायचे, असं त्यात बांधकाम करणाऱ्यावर बंधन आहे. करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायची नाही, हेही त्यातच. एवढं असून माझ्या टेबलापुढं आलेल्या शंभरातल्या नव्वद लोकांनी मंजूर नकाशा मागितलेला नसायचा.

त्याचं एक कारण आम्ही बँकवालेच होतो. १९७७ साली एचडीएफसी निघाली आणि पुढं घरकर्ज ही सगळ्याच बँकांची गोष्ट झाली. लोक म्हणू लागले, ‘बँकेनं कर्ज दिलं म्हणजे घर चांगलंच असणार.’ इथं मी स्पष्ट सांगतो. बँक सर्च रिपोर्ट आणि मूल्यांकन करते ते आपलं कर्ज वसूल होईल का, हे बघण्यासाठी. स्वयंपाकघरात ऊन येतं का, रात्री नळाला पाणी असतं का, हे त्या अहवालात नसतं. ती पाहणी तुमचीच.

सजवलेलं घर दाखवून गिऱ्हाईक ओढायची कल्पना जुनीच. लंडनला डेली मेल या वर्तमानपत्रानं १९०८ साली आयडियल होम प्रदर्शन सुरू केलं. आपल्याकडचा सॅम्पल फ्लॅट त्याच जातीचा. भिंतीला आरसे, पलंग जरा आखूड, आतल्या खोल्यांना दारंच नाहीत, म्हणून खोली मोठी वाटते. २०१६ च्या रेरा कायद्यानं या दिखाव्यालाही जबाबदार धरलं. जाहिरात किंवा सॅम्पल फ्लॅट बघून पैसे भरले आणि ती माहिती खोटी निघून नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. व्यवहार सोडायचा असेल तर पैसे व्याजासह परत मागता येतात. नोंदणीकृत करारापूर्वी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर तो विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो. पण हे मागायला हातात पुरावा लागतो. म्हणून माहितीपत्रक जपून ठेवा, सॅम्पल फ्लॅटचे फोटो काढा, तोंडी दिलेली आश्वासनं ई-मेलवर लिहून घ्या.

आता पोरांनो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. जाण्याआधी महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून मंजूर नकाशा, पूर्णत्वाची तारीख आणि कोर्टकज्जे बघा. जाताना मोजपट्टी न्या आणि कार्पेट स्वतः मोजा. त्यात आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. सॅम्पल फ्लॅट झाला की ‘माझा मजला दाखवा’ म्हणा. तयार घर असेल तर सगळे नळ एकदम सोडा, बाथरूमच्या पाठची भिंत हातानं चाचपा, नुकताच रंग दिलेला कोपरा दिसला तर कारण विचारा. दुसऱ्यांदा न सांगता जा, रात्री जा, जमलं तर पावसात जा. वॉचमनशी आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंशी बोला. टँकर कधी येतो हे त्याच खरं सांगतील. आणि पहिल्याच दिवशी ‘आज टोकन दिलं तरच हा भाव’ असं कुणी म्हणालं, तर चहा पिऊन घरी या.

एक विनंती आपल्या सभासदांनाही. आपल्यातली काही घरं आता विक्रीला निघतील, कारण मुलं बाहेर स्थायिक झाली. तेव्हा दाखवणारे आपण असू. येणाऱ्याला भागप्रमाणपत्र, देखभालीची बाकी, सभेचं इतिवृत्त दाखवा आणि गळती असेल तर ती जागाही दाखवा. तो माणूस उद्या आपला शेजारी होणार आहे.