माजापासून खच्चीकरणापर्यंत

राजकीय भाषणांत दोन शब्द हमखास येतात. विरोधकांचा 'माज' उतरवायचा असतो आणि आपल्या कार्यकर्त्यांचं 'खच्चीकरण' होऊ द्यायचं नसतं. दोन्ही शब्द गोठ्यातले, आणि दोन्हींचा धागा जननग्रंथींपाशी जाऊन पोचतो.

आधी माज. संस्कृत 'मद्' धातू धुंद होण्याचा. 'माद्यति'चं प्राकृतात 'मज्जइ' झालं, त्यातून आपलं 'माजणे'. फारसी 'मस्त' हा संस्कृत 'मत्त'चा चुलतभाऊ, म्हणजे माज आणि मस्ती एकाच घरच्या. मदात आलेल्या हत्तीच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन कितीतरी पटींनी वाढलेलं असतं. गाईचा माज वेगळा. ती साधारण दर २१ दिवसांनी माजावर येते. सारखी हंबरते, वैरणीला तोंड लावत नाही, दुसऱ्या गाईंवर उडते, काचेसारखा चिकट बळस टाकते. म्हशीत ही लक्षणं पुष्कळदा दिसतच नाहीत. त्याला पशुपालक 'मुका माज' म्हणतात. मुका माज ओळखता आला नाही तर म्हैस भाकड राहते आणि दुधाचं गणित बिघडतं.

हा माज आणणारं द्रव्य अंडाशयात तयार होतं, ते इस्ट्रोजेन. त्याच्या नावातही गुरंच आहेत. ग्रीक 'ओइस्ट्रोस' म्हणजे गोमाशी, आणि तिच्या चाव्यानं येणारं पिसाटपण. ग्रीक पुराणात गाय झालेल्या आयोच्या मागे हेरा अशीच माशी सोडते आणि ती बिचारी देशोदेशी धावत सुटते. १९०० साली वॉल्टर हीप या इंग्रज शास्त्रज्ञानं प्राण्यांच्या माजाला हा शब्द लावला. पुढे माज आणणारं ते इस्ट्रोजेन ठरलं. बाईच्या शरीरात हेच इस्ट्रोजेन असतं. तिला गाईसारखा माज नसतो, पाळी असते. तरी तिच्या संप्रेरकाचं नाव गोमाशीवरूनच राहिलं.

आता खच्ची. मूळ अरबी 'खसी', म्हणजे वृषण काढलेला. हिंदीत वृषण काढलेल्या बोकडाला 'खस्सी' म्हणतात तो हाच. मराठी शेतकऱ्याचा स्वतःचा शब्द 'बडवणे'. पूर्वी गोऱ्ह्याला आडवा पाडून, पाय बांधून वृषणाच्या नसा ठेचत. आता पशुवैद्य बर्डिझोच्या चिमट्यानं कातडी न फाडता त्या नसा दाबून निकामी करतात. जाणता शेतकरी गोऱ्हा फार लहान असताना बडवत नाही. वशिंड चढायला आणि मान भरायला टेस्टोस्टेरॉन लागतं, ते मिळण्याआधीच बडवलं तर बैल ओढकामाला कमी पडतो. हे संप्रेरकशास्त्र गावाला संप्रेरक हा शब्द येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं.

न बडवलेला तो 'अंडील'. संस्कृतात 'अंड' म्हणजे अंडंही आणि वृषणही. म्हणून मराठीत अंडवृद्धी पुरुषाला होते आणि अंडाशय बाईला असतो. जुन्या युरोपातही असाच घोळ होता. गेलनच्या परंपरेतले वैद्य अंडाशयाला 'बाईचे वृषण' म्हणत. १६७२मध्ये डच वैद्य रेग्निए द ग्राफ यानं त्या ग्रंथींचं सविस्तर वर्णन केलं आणि 'अंडाशय' हे नाव रूढ व्हायला बळ मिळालं. भ्रूणात या दोन्ही ग्रंथी सुरुवातीचे काही आठवडे सारख्याच दिसतात, तेव्हा एका शब्दात दोन्ही मावणं अगदीच चुकीचं म्हणता येत नाही.

खच्ची केल्यावर जनावर का बदलतं, याचा छडा १८४९ साली ग्यॉटिंगेनमध्ये आर्नोल्ड बेर्टहोल्ड यानं कोंबड्यांवर लावला. वृषण काढलेल्या कोंबड्यांचे तुरे वाढेनात, ते आरवेनात, झुंजेनात. मग काहींच्या पोटात त्यानं वृषण पुन्हा बसवले. मज्जातंतूंचा जुना संबंध तुटलेला होता, तरी तुरे लालभडक झाले, आरवणं आणि भांडणं सुरू झाली. म्हणजे ग्रंथीचा निरोप रक्तातून जात होता. असा निरोप नेणाऱ्या द्रव्यांना १९०५मध्ये लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंगनं 'हार्मोन' म्हटलं, ग्रीक 'हॉर्माओ'वरून, अर्थ 'मी चालना देतो'. मराठी 'संप्रेरक' संस्कृत 'ईर्' धातूचा; चालना देणं हाच त्याचाही अर्थ. 'प्रेरणा' त्याची सख्खी बहीण. प्रेरणादायी भाषण करणाऱ्या वक्त्याला आपण संप्रेरकाच्या नात्यातला शब्द वापरतोय याची कल्पना नसते, आणि त्यानं काही बिघडतही नाही.

'खच्चीकरणा'चं मात्र तसं नाही. आज महिला कर्मचाऱ्यांचं, विद्यार्थ्यांचं, भाषेचं, संस्थांचं, सगळ्यांचंच खच्चीकरण होतं. ज्याला वृषण नाहीत त्याचंही. हिंमत पुरुषाच्या ग्रंथीत असते ही समजूत या शब्दात मुकाट राहून गेली आहे. शिवाय गोठ्यात बैल बडवतात तो त्याचा माज उतरावा, त्यानं जू निमूट मानेवर घ्यावं म्हणूनच. तिथे माज उतरवणं आणि खच्ची करणं ही एकच क्रिया. भाषणात मात्र एक पराक्रम ठरतो आणि दुसरा अन्याय. ठरतं ते फक्त बैल कुणाचा यावरून. म्हणून पुढच्या वेळी यातला एक शब्द ऐकलात, तर त्याच्या जागी दुसरा घालून वाक्य पुन्हा म्हणून बघा.